किटलीचा नवा आरसा

माझा स्वभाव तापट आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही. तरी सगळे सांगतात. त्यामुळे माझ्या नवऱ्याने किटलीच्या मोडक्या आरशाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या बाई अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

किटली म्हणजे आमची गाडी. रंग जुन्या ॲल्युमिनियमसारखा, आणि चढावर तापली की बॉनेटमधून वाफ सोडते, म्हणून किटली. गाडी सासूबाईंची. मी त्यांना आईच म्हणते. आमचा पडद्यांचा धंदा आहे. घराच्या पुढच्या खोलीत मी मशीनवर बसते, आई कापड बेततात, हातशिलाई करतात, आणि पडदे तयार झाले की किटलीत घालून गिऱ्हाइकाकडे नेतात. नुसत्या नेत नाहीत, शिडीवर चढून लावूनही येतात. मग खाली उतरून दोन पावलं मागे होऊन बघतात आणि म्हणतात, "आता खोली खोलीसारखी दिसते." हे वाक्य त्या प्रत्येक घरात म्हणतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं की खास आपल्यासाठीच म्हणाल्या. वय विचाराल तर नातवंडं कॉलेजात आहेत, एवढ्यावरून समजा.

तर झालं असं, की गेटमधून आत येताना आईंनी किटलीचा शेजारच्या सीटकडचा आरसा खांबाला घासला. काच फुटली, बूड मोडलं आणि आरसा वायरींना लोंबकळत राहिला. आई उतरल्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "खांब होता तिथेच होता. चूक माझी." झालं, विषय संपला. मला त्यांचं हे फार आवडतं. मी असते तर खांबाशी भांडले असते.

पण विषय कुठला संपायला! नवऱ्याने फोटो टाकला, खाली लिहिलं, "आईचा आजचा पराक्रम", आणि शेजारी हसरा चेहरा. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मनात कधीच काही नसतं, तीच तर अडचण आहे. पाचव्या मिनिटाला माझ्या नणंदेचा फोन.

नणंद म्हणजे ताई, नवऱ्याची थोरली बहीण. दुसऱ्या गावात एका शाळेची मुख्याध्यापिका आहेत. घरात त्यांच्या माघारी आम्ही त्यांना हेडबाई म्हणतो. आवाज असा, की फोनवर बोलत असल्या तरी मी मशीनवर ताठ बसते.

"रविवारी येतेय," त्या म्हणाल्या. "जाताना गाडीची किल्ली घेऊन जाणार. पुरे झालं आता. गाडी विकून टाकू. पडदे पोचवायला एखादा टेम्पोवाला बघा."

"ताई, पण एक आरसा तर मोडला..."

"आज आरसा मोडला," ताई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य न बोलताच फोन ठेवला.

नवरा म्हणाला, "ताई म्हणते त्यातही तथ्य आहे." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो उठून बाहेर झाडांना पाणी घालायला गेला. सकाळीच घातलं होतं.

आई कापड मोजत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टेप गळ्यात टाकून त्या खुर्चीवर बसल्या, आणि त्या कधी दिवसाउजेडी खुर्चीवर बसत नाहीत. "गाडी गेली ना, की मी या घरातलं सामान होईन बघ," त्या म्हणाल्या. "रोज पुसायचं, आणि आल्यागेल्याला दाखवायचं."

मी मशीन थांबवलं. आईंचं सगळं जग त्या गाडीत आहे हो. कोणाच्या घरात नवं बाळ आलं, कोणी भिंतीला कुठला रंग दिला, कोणाची म्हातारी हल्ली बोलत नाही, हे सगळं त्या पडदे लावता लावता बघून येतात आणि संध्याकाळी मला सांगतात. मी मशीनवरून न उठता सगळं गाव बघते ते त्यांच्या डोळ्यांनी. ते बंद झालं तर माझंही काही खरं नव्हतं.

"रविवारच्या आत आरसा बसवायचा," मी म्हणाले. "मोडकं काही दिसलंच नाही, तर ताई बोट कशावर ठेवणार?"

"तुला येतो बसवता?"

"पडदा बसवता येतो ना? मग!"

या माझ्या 'मग'ला काही अर्थ नव्हता, पण आईंना तो पटला.

नवा आरसा मिळेना. किटलीचं मॉडेल बंद होऊन जमाना झाला. शेवटी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याकडे गेलो. त्याच्या आवारात दारं एका रांगेत, बंपर एका रांगेत, आणि एका फळीवर नुसते आरसे. शंभर ठिकाणी माझाच रागीट चेहरा. त्याने तिसऱ्या ढिगातून एक काढला. गाडी तीच, पण किटलीपेक्षा जरा उशिरा जन्मलेली.

"बसेल," तो म्हणाला. "फक्त प्लग जुळणार नाही. तो कापून वायरी एकेक करून जोडा. तीनच आहेत."

आरसा बटणावर फिरणारा. गाडीत बसल्या बसल्या बटण दाबायचं आणि काच वर-खाली, आत-बाहेर हलवायची. त्याने बॅटरी लावून दाखवलं. काळी वायर दोन्ही कामांची. उरलेल्या दोन तपकिरी, एक वर-खालीची, एक आत-बाहेरची. दोघी अगदी जुळ्या बहिणी. रंग उडालेले, ओळखायची सोयच नाही.

पण मी काय आज शिवायला बसले? माझ्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसेल, दोरा असतोच. वर-खालीच्या वायरीला लाल दोरा बांधला, आत-बाहेरच्या वायरीला निळा. घरी येऊन मोडक्या आरशाच्या वायरी तपासल्या. त्याची काच गेली होती, पण मोटर फिरत होती. त्यातली कुठली काय करते ते बघून गाडीकडच्या वायरींनाही तसेच दोरे बांधले. आता लालला लाल आणि निळ्याला निळा जोडला की काम फत्ते. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की त्या दिवशी नवऱ्याशी गोड बोलले. तो घाबरला.

रविवारी सकाळी त्याला मुद्दाम बाजारात पिटाळलं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. ताई जेवायच्या वेळेला येणार होत्या. आम्ही दोघींनी बाह्या सरसावल्या.

दाराचं आतलं पॅनेल काढायला आधी हँडलमागचा स्क्रू काढावा लागतो, मग कडेकडेने उचकटायचं. स्क्रूड्रायव्हरने केलं तर प्लास्टिकवर ओरखडे पडतात. आईंनी त्यांची लाकडी पट्टी आणली, पडद्याचे कोपरे बाहेर काढायची. ती फटीत घातली आणि खटखट करत एकेक खुंटी सुटत गेली. आत तीन नट. मी पाना फिरवला, आईंनी बाहेरून आरसा धरला. पहिला नट सुटला, दुसरा सुटला, तिसरा सुटला आणि माझ्या बोटांतून निसटून दाराच्या पोटात गेला. ठण्ण आवाज झाला.

मी जे बोलले त्यावर आई म्हणाल्या, "हळू, शेजारी ऐकतात," आणि घरात जाऊन पिना उचलायचा लोहचुंबक घेऊन आल्या. त्याला दोरा बांधला आणि विहिरीत कळशी सोडावी तसा दारात सोडला. पहिल्यांदा एक गंजकी टाचणी आली. दुसऱ्यांदा नट. तिसऱ्यांदा उगाच टाकला, तर एक बटण आलं.

"हे माझ्या निळ्या कोटाचं!" आई म्हणाल्या. "मी घरभर शोधलं होतं."

नवा आरसा त्याच्या जागी बसला. तीन नट घट्ट केले. प्लग कापले, वायरींची टोकं सोलली, आता फक्त पीळ देऊन टेप गुंडाळायची. तेवढ्यात घरात फोन वाजला. ताईच.

"लवकर निघाले होते. पंधरा मिनिटांत पोचते," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. गॅस बंद केला, बाहेरच्या खोलीतला कापडांचा पसारा पायाने पलंगाखाली सारला आणि धावत गाडीकडे आले. आई दाराशी उभ्या होत्या. हातात दोरे कापायची छोटी कात्री, चेहऱ्यावर समाधान.

"किती दोरे लोंबत होते गं!" त्या म्हणाल्या. "सगळे साफ करून टाकले."

मी वायरींकडे बघितलं. लाल नाही, निळा नाही. नुसत्या तपकिरी जुळ्या बहिणी, दोन इकडे आणि दोन तिकडे.

"आई!!"

"काय झालं?"

"ते दोरे खुणेचे होते!"

आईंचा चेहरा असा झाला, की माझी तळपायाची आग मस्तकात जाता जाता मध्येच विझली. आणि बोलणार तरी काय? कुठलीही डिलिव्हरी निघायच्या आधी "आई, दोरे!" म्हणून मीच ओरडते. लोंबता दोरा म्हणजे आमच्या धंद्यात लाज. त्यांचा हात लोंबत्या दोऱ्याकडे आपोआप जातो, तो मीच लावलेला.

"असू दे," मी म्हणाले. "दोनच तर शक्यता आहेत. एक बरोबर, एक चूक."

अंदाजाने जोडल्या. टेप गुंडाळली. खुंट्या दाबून पॅनेल बसवलं, स्क्रू पिळला. शहाणं माणूस आधी तपासतं आणि मग झाकतं, पण पंधरा मिनिटांत शहाणपणाला वेळ नव्हता. आई आत बसल्या, त्यांनी किल्ली अर्धी फिरवली. बटण दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या मागे. चार बाजूंना चार बाण. आईंनी वरचा बाण दाबला. आरसा गुर्रर्र करत बाहेर वळला.

डावा दाबला. आरसा वर गेला आणि आभाळ दाखवू लागला.

मी कपाळावर हात मारून घेतला. गेटबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, दार आपटलं. ताईंच्या चपला.

"तू जा," आई म्हणाल्या. "तिला गेटवर बोलत ठेव."

"आणि तुम्ही काय करणार?"

"कुठला बाण काय करतो ते बघते."

मी गेटवर गेले आणि आयुष्यात बोलले नव्हते इतकं गोड बोलले. केस छान कापलेत, पर्स नवी का, शाळा काय म्हणते, रस्त्यात गर्दी होती का. ताईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. मग सरळ किटलीकडे गेल्या. नव्या आरशाला टिचकी मारली, वाकून बघितलं.

"कोणी बसवला?"

"आम्हीच."

"हं," ताई म्हणाल्या. मुख्याध्यापकांचं 'हं' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. पास की नापास ते निकालापर्यंत कळत नाही.

आई गाडीतून उतरल्या, फडक्याने बटणाजवळची धूळ पुसल्यासारखं केलं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. होकार की नकार तेही कळलं नाही. या घरात कोणाचंच काही सरळ कळत नाही.

जेवताना ताईंनी विषय काढलाच. "आई, किल्ली."

नवऱ्याने ताटात बघितलं. मी घास चावत होते की दातओठ खात होते, मला सांगता येणार नाही.

"देईन," आई शांतपणे म्हणाल्या. "पण आज एक डिलिव्हरी आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचा दवाखाना रविवारीच बंद असतो, म्हणून पडदे रविवारीच लावायचे असतात. तेवढं करून येऊ. तूही चल, शेजारी बस. बघ मी कशी चालवते."

ताई नाही म्हणू शकल्या नाहीत. परीक्षा घ्यायला कोणी बोलावतंय म्हटल्यावर त्या कधीच नाही म्हणत नाहीत.

मी मागच्या सीटवर पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, खांद्यावर पडद्याचा रॉड. आई बसल्या, सीट पुढे घेतली, पट्टा लावला. आपल्या बाजूचा आरसा आधी लावला. तो आपला सरळ, वर म्हणजे वर. मग बटणाशेजारचा आरसा बदलायचा खटका दुसऱ्या बाजूला केला. बटणावर त्यांचं बोट गेलं. खाली, जरा खाली, मग उजवा, पुन्हा जरासा डावा. आरसा गुर्रगुर्र करत आत आला, खाली झुकला, किंचित वर झाला आणि थांबला. बरोबर रस्त्यावर. त्या दरम्यान आई ताईंना दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कुत्र्याबद्दल सांगत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आणि आईंनी गाडी काय चालवली! वळणावर हात दाखवून एका सायकलवाल्याला आधी जाऊ दिलं, चढावर किटलीला वाफ येऊ न देता वर नेलं, आणि दवाखान्यासमोर दोन गाड्यांच्या मधल्या फटीत अशी अलगद नेऊन बसवली, की मी मागून टाळी वाजवणार होते. रॉड होता म्हणून राहिलं.

पडदे लावले. ताईंनी शिडी धरली. आई खाली उतरल्या, दोन पावलं मागे झाल्या आणि म्हणाल्या, "आता खोली खोलीसारखी दिसते." डॉक्टरीणबाई खूश. बाहेर आलो. मला वाटलं, जिंकलो.

ताई गाडीपाशी थांबल्या. "आई, तू छान चालवलीस. मी खोटं बोलणार नाही. पण मला भीती तुझ्या चालवण्याची नाहीच आहे."

"मग कशाची?"

"गेल्या रविवारी फोनवर तू मला एकच प्रश्न तीनदा विचारलास. 'बरी आहेस ना?' मी म्हटलं, हो. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. फोन ठेवताना पुन्हा तेच. त्याच्या आधीच्या रविवारीही तसंच. तू विसरायला लागली आहेस, आई. आज खांब विसरलीस. उद्या भर रस्त्यात कुठे निघाले होते तेच विसरलीस तर?" ताईंचा तो वर्ग गप्प करणारा आवाज एकदम बारीक झाला. "मला झोप लागत नाही गं याच विचाराने."

मी गठ्ठ्याचं रिकामं कापड हातात घेऊन उभी राहिले. ताई खोड काढायला येतात, असं मी समजत होते. बाईचा जीव टांगणीला लागला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईंनी किल्ली ताईंच्या हातावर ठेवली. "जाताना तू चालव," एवढंच म्हणाल्या, आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या. त्या सीटवर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हात पर्सवर. मला रडूच यायला लागलं आणि त्यामुळे रागही आला.

ताई बसल्या. सीट मागे घेतली, त्या आईंपेक्षा उंच आहेत. आरसा त्यांना जरा वर हवा होता. वरचा बाण दाबला. आरसा बाहेर गेला.

"हे काय?" त्यांनी पुन्हा दाबला. आरसा आणखी बाहेर. मग डावा दाबला, आरसा आभाळाकडे. उजवा दाबला, तो जमिनीकडे. मग ताईंनी एकामागून एक सगळेच बाण दाबायला सुरुवात केली, आणि आरसा बिचारा अंगात आल्यासारखा गरागरा फिरायला लागला. "ही गाडी आहे का काय! मला दवाखान्याचं छप्पर दिसतंय!"

"छप्पर दिसतंय ना?" आई म्हणाल्या. त्या समोर बघत होत्या. नुसता हात बटणावर नेला. "उजवा दाबायचा, म्हणजे खाली येतो. आता काय दिसतंय?"

"फुटपाथ. लांबचा."

"म्हणजे बाहेर गेलाय. मग खालचा दाबायचा, आत येतो. आता?"

"आता सगळं आपलंच दार दिसतंय."

"जास्त झाला. वरचा. जरासाच. आता?"

"रस्ता," ताई म्हणाल्या. "रस्ता दिसतोय. थांब. बस."

ताईंनी आईंच्या हाताकडे बघितलं, मग आरशाकडे, मग पुन्हा हाताकडे. "हे कधीपासून असं आहे?"

"आज सकाळपासून," आई म्हणाल्या. "हिने वायरींना खुणेचे दोरे बांधले होते. ते मी कापले."

"आज सकाळपासून?"

"तू गेटवर हिच्याशी बोलत होतीस ना, तेव्हा शिकले. चालवणाऱ्याच्या बाजूचा सरळ आहे, शेजारचा तिरका. दोन्ही लक्षात ठेवायचे, एवढंच."

आता ताईंच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. त्या वळून बसल्या. "तिकडचा आरसा. वर पाहिजे."

"डावा."

"आत पाहिजे."

"खालचा."

"इकडचा आरसा, खाली पाहिजे."

"खालचा. तो सरळ आहे, सांगितलं ना. फसवतेस काय?"

"तिकडचा, बाहेर!"

"वरचा. आणि तू लहानपणी पाढे म्हणताना सातावर अडायचीस, तेही मला आठवतंय."

मी मागून फिस्सकन हसले. ताई हसल्या नाहीत. आईंनी पर्सवरचा हात काढून ताईंच्या हातावर ठेवला.

"तीनदा विचारलं ना मी तुला, ते विसरले म्हणून नाही गं," आई म्हणाल्या. "तिन्ही वेळा तू खोटं बोललीस म्हणून."

ताईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तिथेच हॉर्न आहे. किटलीचा हॉर्न म्हणजे सगळा रस्ता वळून बघेल असा. ताई दचकून ताठ झाल्या, वरच्या खिडकीतून डॉक्टरीणबाई डोकावल्या, त्यांचा कुत्रा भुंकायला लागला, आणि ताई रडता रडता हसायला लागल्या की हसता हसता रडायला लागल्या, ते मागून नीट कळत नव्हतं.

"नाहीच आहे मी बरी," त्या म्हणाल्या. "पोरं लांब गेली. शाळा सुटली तरी मी उगाच कागद चाळत बसते. घरी जावंसंच वाटत नाही. कुलूप उघडलं की आत कोणी नाही."

"मग हे पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगायचं की," आई म्हणाल्या. "फोनचं बिल वाचलं असतं."

ताईंनी डोळे पुसले, त्यासाठी मी पडदे गुंडाळायचं कापड पुढे केलं, रुमाल नव्हता म्हणून. मग त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून शेजारच्या दाराशी आल्या आणि दार उघडून म्हणाल्या, "सरक आई. तुझी जागा तिकडे आहे." किल्ली त्यांनी गाडीलाच ठेवली होती.

परतीच्या वाटेवर दोघी मायलेकी इतक्या बोलल्या, की मला एक शब्द मध्ये घालता आला नाही. माझ्यासारखीला! गेटपाशी आई जरा थांबल्या, शेजारचा आरसा एका बोटाने जरासा आत घेतला, आणि किटली खांबाच्या बाजूने दोन बोटं अंतर ठेवून आत आली. ताईंनी खांबाकडे बघितलं आणि "हं" म्हणाल्या. या वेळचं 'हं' मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पाना घेऊन निघाले. "चला, वायरी बदलून टाकू. पाच मिनिटांचं काम."

"राहू दे," आई कापड बेतत म्हणाल्या. "आता ही गाडी माझ्याशिवाय कोणाला चालवताच येणार नाही."

तसंच झालं. नवऱ्याने एकदा प्रयत्न केला आणि गल्लीच्या टोकावरून आरशात ढग बघत उलटा परत आला. ताई आता सुट्टी लागली की इकडेच येतात, आईंबरोबर डिलिव्हरीला जातात, शिडी धरतात आणि गिऱ्हाइकांच्या पोरांना पाढे विचारतात. पोरं लपून बसतात.

आणि रविवारी फोन येतोच. मी मशीन थांबवते, कारण मला ऐकायचं असतं. आई टेप गळ्यात टाकून विचारतात, "बरी आहेस ना?" मग पलीकडून बराच वेळ आवाज येत राहतो, आणि आई नुसतं हं, हं करत ऐकतात. हल्ली त्या एकदाच विचारतात.